२९ मार्चला जग बुडणार होतं आणि ३१ मार्चला सोसायटीचं कर्ज भरायचं होतं

मी बचत गटाची सीआरपी (कम्युनिटी रिसोर्स पर्सन), हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात. गटांच्या बैठका घ्यायच्या, रजिस्टर बघायचं, कुणाचा हप्ता थकला की घरी जाऊन विचारपूस करायची हे काम. हप्ता थकण्याची कारणं आता तोंडपाठ झालीत, दवाखाना, लग्न, पोराचं ॲडमिशन, मालाला भाव नाही, नवऱ्याची दारू. पण २०२५ च्या फेब्रुवारीत एका काकूनं बैठकीत जे सांगितलं ते आधी कधी ऐकलं नव्हतं. खाली बघतच म्हणाल्या, "आमच्या घरी म्हणतेत पाडव्याच्या आदल्या दिवशी समदं संपणारय, मग हप्ते काहून भरायचे."

बायका हसल्या. मीही हसले आणि वर दोन शब्द विज्ञानाचे सुनावले, ग्रहांचं असं काही नसतं, व्हिडिओवाले व्ह्यूजसाठी करतात वगैरे. ते चुकलं माझं. काकू पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत आणि ते दोन महिनेच सगळ्यात महागात पडले.

काकूंना विचारून लिहितेय. नाव-गाव सांगत नाही, घरधन्याला तात्या म्हणूया, गावात सगळे तेच म्हणतात. वय बावन्न. जमीन साडेचार एकर, त्यातली दोन एकर सिद्धेश्वरच्या कॅनॉलवर ओलिताची, बाकी कोरडवाहू. घरात म्हातारी आई, काकू, दहावीची पोरगी, आणि एक पोरगा चाकणला कंपनीत कंत्राटावर. एक म्हैस. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज एक लाख चाळीस हजार, आडत्याची उचल साठ हजार, काकूची एकदाणी (गळ्यातला सोन्याचा दागिना) गहाण, आणि इकडून तिकडून हातउसने. म्हणजे आमच्या भागातलं अगदी चारचौघांसारखं घर, व्यसन नाही, माळकरी माणूस, उधळेपणा नाही, हे आधीच सांगते कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की माणूसच तसला असेल. तसला नव्हता.

आमच्या पट्ट्यात जमिनीतून आवाज येतात. वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे आणि आसपासची गावं, कित्येक वर्षं झाली, मधूनच सुरुंग उडाल्यासारखा आवाज येतो, भांडी वाजतात, मग गप्प. सवय झाली होती. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला ४.५ रिश्टरचा धक्का बसला, परभणी-नांदेडपर्यंत जाणवला, आणि परत १० जुलैला सकाळी सातनंतर तेवढाच. तेव्हा मात्र सगळं गाव रस्त्यावर. अधिकारी लोक येऊन सांगून गेले की पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या, धक्का बसला तर ते डोक्यात पडतील. आमच्याकडं पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायची पद्धतच आहे. लोकांनी दगड काढले, मग पावसाळ्यात पत्रे उडतील म्हणून आठवड्यात परत ठेवले.

तात्यांनी परत नाही ठेवले. त्याचं कारण मला पुढं काकूंकडून कळलं. १९९३ ला तात्या वीस वर्षांचे होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून लोक झोपलेले, आणि लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांमध्ये दगड-मातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली. आमच्या गावानं भाकरी बांधून ट्रॅक्टर पाठवला होता, त्यात तात्या होते, सास्तूरकडं. तिथं दोन दिवस जे बघितलं ते त्यांनी बायकोलासुद्धा नीट कधी सांगितलं नाही. पण एक वाक्य ते नेहमी म्हणायचे, "शेवट येतो, म्या बघितलाय." आता ज्यानं शेवट बघितलाय त्याला मी बैठकीत बसून ग्रहांचं विज्ञान सांगत होते.

जुलैच्या धक्क्यानंतर घरातली सगळी शेतातल्या आखाड्यावर झोपायला गेली. तिथं रात्री करमत नाही, म्हणून मोबाईल. सुरुवातीला भूकंपाचे व्हिडिओ, मग भूकंप का होतात याचे, मग कलियुग संपत आल्याचे, तीन दिवस अंधार पडणार, समुद्र आत येणार, जे वाचतील ते सत्ययुग बघतील. एक बघितला की फोन तसलेच दहा पुढं करतो. कुणी बाबा-बुवा घरी आला नाही, कुणी पैसे मागितले नाहीत, हे मला मुद्दाम नोंदवायचंय, कारण फसवणूक असती तर प्रकरण सोपं होतं, पोलिसात गेलो असतो. इथं चोर कुणीच नव्हता. डिसेंबरपर्यंत नुसतंच "दिवस भरले" चालू होतं. जानेवारीत तारीख आली, २९ मार्च २०२५. शनी मीन राशीत जाणार, सहा ग्रह एकत्र, त्यात अमावस्या, त्यात सूर्यग्रहण. ग्रहण आपल्याकडं दिसणारच नव्हतं पण ते कोण सांगतंय.

आता पैशाचं. मी नंतर काकूंबरोबर बसून वहीत सगळं क्रमानं लिहून काढलं, कुठला निर्णय कधी घेतला ते, आणि क्रम बघितल्यावरच मला हे प्रकरण थोडं उमगलं.

पहिलं थांबलं घर. प्लिंथपर्यंत बांधकाम आलेलं होतं, पुढच्या कामाचे पैसे बाजूला काढलेले. जुलैच्या धक्क्यानंतर तात्या म्हणाले स्लॅब नको. हा निर्णय मला आजही वेडेपणाचा वाटत नाही, ज्यानं सास्तूर बघितलंय तो डोक्यावर स्लॅब घ्यायला दोनदा विचार करणारच. पण पैसे बाजूला होते ते हळूहळू फुटले.

दुसरं, एलआयसीचा हप्ता. अकरा वर्षं न चुकता भरलेला, वर्षाला चौदा हजार दोनशे. ऑगस्टमध्ये भरला नाही. तात्यांचं म्हणणं असं, की विमा म्हणजे मी मेलो तर मागं राहणाऱ्यांना पैसा, मागं कुणी राहणारच नसलं तर घेणार कोण? यात बोट ठेवायला जागा नाही, हिशोब बरोबर, फक्त ज्याच्यावर तो उभा ती गोष्ट चूक.

मग हळद. इथं जरा थांबते कारण सगळं प्रकरण हळदीतच आहे. हळद हे नऊ महिन्यांचं पीक, मे-जूनमध्ये लावायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, मग शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा मोंढ्यात, म्हणजे बाजारात जाते. आणि काढणी करतानाच पुढच्या वर्षाचं बेणं वेगळं काढून झाडाच्या सावलीला ढीग घालून, वर पाला टाकून दोन-अडीच महिने जपायचं असतं. एकरी दहा क्विंटलच्या आसपास बेणं लागतं. म्हणजे हळद करणारा माणूस काढणीच्या दिवशीच पुढच्या वर्षाला शब्द देऊन बसतो. तात्यांची दीड एकर हळद होती. त्यांनी पंधरा क्विंटल बेणं राखायचं ते राखलंच नाही, सगळं कुकरमध्ये शिजवून टाकलं. ओल्याचं वाळून पाचवा हिस्सा राहतो, म्हणजे त्या पंधरा क्विंटलची तीन क्विंटल हळद झाली, साडेअकरा हजारानं चौतीस हजार पाचशे रुपये. तेच बेणं मे महिन्यात विकत घ्यायला मी चौकशी केली तर क्विंटलला चार हजार सांगितले, साठ हजार झाले. आणि दरवर्षी तात्या निम्मा माल भाव बघत मे-जूनपर्यंत ठेवायचे, त्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सगळा एका फेरीत मोंढ्यात घातला.

तेहतीस क्विंटलचे पावणेचार लाखाच्या वर आले. आडत्यानं उचल कापली. मजुरी, शिजवणं, पॉलिश याचे सत्तर हजार. आणि मग तात्यांनी जे केलं ते बघून मी गप्पच झाले. त्यांनी हातउसने फेडले. कुणाकुणाचे! २००९ ला मेहुण्याकडून घेतलेले बारा हजार, मेहुणा विसरूनसुद्धा गेलेला, त्याच्या दारात जाऊन दिले. वारलेल्या एका दोस्ताच्या बायकोला तीन हजार दिले, तिला माहीतच नव्हतं. असे एकूण शेहेचाळीस हजार. कुणाचं देणं अंगावर ठेवून जाऊ नये, पुढल्या जन्मी बैल होऊन फेडावं लागतं, हे आपल्याकडं लहानपणापासून ऐकलेलं असतं, तात्या ते अक्षरशः जगले.

पण सोसायटीचे एक लाख चाळीस हजार नाही भरले. मी विचारलं काहो तात्या, हे देणं नाही का? तर म्हणाले, "ते सरकारचं हाय ताई, ते माणसाचं न्हाई." म्हणजे माणसाकडून घेतलेलं पुढल्या जन्मात मागं येतं, कागदावर घेतलेलं इथंच राहतं. आणि गंमत नाही सांगत, २८ मार्चला तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार बारामतीत बोलले की ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा, आत्ता माफी नाही, ते टीव्हीवर चालू होतं, आणि त्याच दिवशी म्यानमारला ७.७ चा भूकंप होऊन इमारती कोसळल्याचं खाली पट्टीत येत होतं. तात्यांनी त्यातलं कुठलं खरं मानलं हे सांगायला नको.

उरलेलं असं गेलं, सप्त्याला अन्नदान एकवीस हजार, क्रुझर करून अख्ख्या घराला तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर अठरा हजार, आणि काकूची गहाण टाकलेली एकदाणी सोडवली पंच्याऐंशी हजार देऊन, "जाताना बायकोच्या गळ्यात तेवढं असावं" म्हणून. राहिलेले ऐंशीएक हजार बँकेतून काढून गव्हाच्या कोठीत ठेवले, कारण व्हिडिओत सांगितलं होतं की बँका बंद पडणार. जग संपणार असेल तर नोटा तरी कशाला, हा प्रश्न मला पडला पण मी विचारला नाही, आणि बरं झालं नाही विचारला. मला वाटतं त्या कोठीतच तात्यांच्या मनाचा एक कोपरा होता जो तारीख मानत नव्हता.

असे कोपरे अजून होते. म्हशीला सरकी पेंड नेहमीसारखी चालू होती, म्हैस जेठात विणार होती तरी. पोरीच्या गणिताच्या ट्यूशनची फी फेब्रुवारीत भरली, एक दिवसही उशीर नाही. कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी भांडले, तेही २० मार्चला. वहीत हे सगळं शेजारी शेजारी लिहिल्यावर मला दिसलं की तात्यांनी पुढचं सगळंच सोडलं नव्हतं. सोडलं काय, तर सोसायटी, विमा, गटाचा हप्ता, स्लॅब, पुढच्या सालची हळद, म्हणजे ज्याच्या नावानं गेली सहा-सात वर्षं त्यांच्या पोटात गोळा यायचा तेवढंच. धरून ठेवलं काय, तर पोरगी, म्हैस, पाण्याची पाळी. मला तोवर वाटत होतं की हा माणूस भ्यालाय. भ्यालेला होताच, पण त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तात्या रात्री शांत झोपायचे असं काकू सांगतात, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. दरवर्षी मार्च आला की नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलणं, कसं करायचं, भरायला कुणाकडून दोन दिवसांसाठी पैसे आणायचे, याच्यात झोप उडायची. त्या साली ३१ मार्च येणारच नव्हता. ज्याच्या पुढच्या दहा वर्षांवर आधीच दुसऱ्यांची नावं लिहिलेली आहेत त्याला कुणी सांगितलं की ती दहा वर्षंच येणार नाहीत, तर त्याला ती बातमी वाईटच वाटेल असं नाही. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. आम्हाला शिकवतात बचत करा, विमा काढा, भविष्याचा विचार करा. भविष्य म्हणजे नुसते हप्तेच असतील तर त्याचा विचार कोण करेल.

पोराला मार्चच्या सुरुवातीलाच फोन करून बोलावून घेतलं, सगळे एका जागी असू म्हणून. कंत्राटाची नोकरी, दहा दिवस गैरहजर म्हणल्यावर दुसरा माणूस लावला. पुढं दोन महिने पोरगा घरी बसून.

आणि आता जे सांगते त्यासाठीच मी हे लिहायला बसले. दहावीची परीक्षा १७ मार्चला संपणार होती. तात्यांच्या डोक्यात आलं की शेवटाच्या आधी पोरीचं लग्न डोळ्यांनी बघून घ्यावं. पोरगी सोळाची. नात्यातला मुलगा, दोन तोळे, साधंच, दारातच उरकू. खर्चाचंही गणित तयार होतं, दोन वर्षांनी करायचं तर पाच-सात लाख, आत्ता लाखात होतंय, आणि पैसा असाही मागं ठेवून काय करायचं. कायदा काय सांगतो, अठराच्या आत लग्न गुन्हा आहे, १०९८ ला फोन केला की पथक येतं, हे सगळं मला पाठ होतं आणि काकू रात्री माझ्या घरी आल्या तेव्हा मी फोन हातात घेतलाही होता. काकू म्हणाल्या, एक दिवस थांबा, आधी आत्याबाई बोलणारयत.

आत्याबाई म्हणजे आजी, तात्यांची आई, सत्त्याहत्तर वर्षांच्या. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही झाली होती, मकर राशीत आठ ग्रह एकत्र, देशभर लोकांनी यज्ञ केले, जग बुडणार म्हणून. अमावस्या आणि सूर्यग्रहण तेव्हाही होतं. ती अमावस्या पौषातली, पौषात लग्न करत नाहीत, म्हणून आजीच्या वडिलांनी घाई करून मार्गशीर्षातच आजीचं लग्न उरकून टाकलं. आजी तेरा वर्षांची. गावात मास्तर होते ते म्हणायचे पोरीला चौथीच्या पुढं शिकवा, ते राहून गेलं. आजीनं हे साठ वर्षांत घरात कुणाला सांगितलं नव्हतं की लग्न अष्टग्रहीच्या धाकानं लागलं. त्या रात्री सांगितलं. काकूंनी मला जसं सांगितलं तसं लिहिते, आजी म्हणाल्या, "बापानं मला बुडत्या जगात एकटी नको म्हणून उजवली. जग काय बुडलं न्हाई बाबा. मी तेराव्या वर्षी चुलीपुढं बसले ते अजून बसलेली हाय. तुझी तारीख खरी असंल तर पोरगी आपल्यापाशीच जाऊ दे की, परक्याच्या दारात काहून?"

तात्यांनी परत लग्नाचं नाव काढलं नाही. तारीख मात्र सोडली नाही, आजीनंही सोडायला सांगितलं नव्हतं. आजीनं तारीख खरी धरूनच उत्तर दिलं, आणि मी पुढं जे काही थोडंफार करू शकले ते आजीकडून शिकून केलं.

२९ च्या रात्री गावातली पाच-सहा घरं बाहेर झोपली. काही झालं नाही. सकाळी पाडवा. तात्यांनी गुढी उभारली, उशिरा, दहा वाजता. गुरुजी पंचांग वाचायला आले तेव्हा कुणीतरी विचारलंच, गुरुजी कलियुग संपलं का? गुरुजी म्हणाले, अरे दर सत्यनारायणाला संकल्प सोडताना मी काय म्हणतो, "कलियुगे प्रथमचरणे". कलियुग चार लाख बत्तीस हजार वर्षांचं, त्यातली पाच हजार सव्वाशे झालीत, पहिला पाय सुद्धा उचलून झाला नाही अजून. लोक हसले, तात्याही हसले थोडे. माझं अर्ध्या तासाचं विज्ञान जिथं पोचलं नाही तिथं गुरुजींचं एक वाक्य पोचलं, कारण ते तात्यांनी हातात पळी-पंचपात्र धरून स्वतः शंभर वेळा ऐकलेलं होतं.

तरी जूनमध्ये परत नवी तारीख, ५ जुलै, जपानमधून आलेली. त्या भाकितानं हाँगकाँगहून जपानला जाणारी माणसं इतकी कमी झाली की विमान कंपन्यांनी फेऱ्या कमी केल्या, म्हणजे नुसते आपलेच लोक भोळे असं काही नाही. यावेळी मी वेगळं केलं. मी एका प्रयोगाबद्दल वाचलं होतं. अमेरिकेत हॅरोल्ड कॅम्पिंग नावाच्या रेडिओवरच्या उपदेशकानं २१ मे २०११ ही तारीख सांगितली होती, तेव्हा काही अर्थशास्त्रज्ञांनी त्याच्या अनुयायांना विचारलं, आज पाच डॉलर घेता का चार आठवड्यांनी, म्हणजे तारीख उलटून गेल्यावर, जास्त घेता? पाचशे डॉलरपर्यंत देऊ केले. जवळजवळ सगळ्यांनी आजचे पाच घेतले. आणि दुसऱ्या एका पंथाच्या लोकांना, ज्यांना शेवट जवळ आहे असं वाटतं पण तारीख कुणी सांगितलेली नाही, त्यांना थांबायला सात-एक डॉलर पुरले. हे वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्या गावात कलियुग वाईट आहे, दिवस भरलेत, हे म्हणत नाही असं एक घर नाही आणि तरी सगळे बेणं राखतात. बेणं शिजवलं तारखेनं.

म्हणून मी तात्यांना म्हणलं, "तात्या, माझ्याकडून आज शंभर घ्या नाहीतर २० जुलैला पाचशे." तात्या माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "२० जुलैला दे ताई. पाचशे." आणि हसले. काकू आतून बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. २० तारखेला मी पाचशे नेऊन दिले.

पण विश्वास गेला म्हणून निर्णय मागं येत नाहीत. जून उजाडला तेव्हा बेणं नव्हतं. सोसायटी थकबाकीत गेलेली. वेळेत भरलं असतं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज शून्य पडतं, मूळ सात टक्के, त्यातले तीन वेळेत भरल्याबद्दल केंद्राकडून सुटतात आणि उरलेल्याचा भार राज्याकडून, बराचसा डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून, उचलला जातो. ते गेलं, वर्षाचे ९,८०० अंगावर बसले, आणि थकबाकीदार म्हणून खरिपाला नवीन कर्ज नाही. कोठीतले पैसे पोराच्या घरी बसण्यात आणि पोरीच्या अकरावीत गेले. मग तात्यांनी पन्नास हजार तीन रुपये शेकड्यानं घेतले, महिन्याला दीड हजार व्याज, वर्षाचे छत्तीस टक्के. मी म्हणलं काकू, एकदाणी बँकेत ठेवा, सोनं एप्रिलमध्येच तोळ्याला लाखावर गेलंय, जास्त पैसे मिळतील आणि व्याज चौथ्या हिश्श्यात येईल. सगळ्या त्या गडबडीत एकदाणी सोडवणं हा एकच निर्णय फायद्याचा ठरला होता. काकू म्हणाल्या, नाही. आता गळ्यातून काढणार नाही. मी खूप समजावलं, आकडे मांडून दाखवले, आणि शेवटी सोडून दिलं. अजूनही वाटतं मी बरोबर होते, पण गळा काकूंचा आहे.

दीड एकर हळदीच्या जागी सोयाबीन पेरलं, शंभर दिवसांत हातात येतं म्हणून, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीत ते पाण्यात गेलं. हळद असती तर वाचली असती असं मी म्हणणार नाही, पाणी साचलं की कंद सडतोच, शेजाऱ्याचीही अर्धी सडली. पण अर्धी राहिली. मला ते वाचलेलं आठवत होतं, १८४४ ला अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या लोकांपैकी काहींनी २२ ऑक्टोबर ही शेवटाची तारीख धरून शेतातलं पीक काढलंच नव्हतं, काढून करायचं काय म्हणून. त्यांचं पीक निदान जमिनीत तरी होतं.

सावरायचं जे जमलं ते असं. विमा पूर्ण बुडाला नव्हता, इतक्या वर्षांची पॉलिसी हप्ता थांबला तरी कमी रकमेची होऊन जिवंत राहते, आणि बंद पडल्यापासून पाच वर्षांच्या आत मागचे हप्ते व्याजासकट भरून परत चालू करता येते, ती दिवाळीत चालू केली. पोरगा परत चाकणला गेला, कमी पगारावर. काकूंच्या गटातल्या थकबाकीचे बायकांनी बैठकीत ठरवून नवे हप्ते पाडून दिले, ज्या हसल्या होत्या त्यांनीच. सोसायटीचं अजून चालूच आहे. मी तात्यांशी आता असंच बोलते, आजीसारखं, की समजा तारीख खरी आहे, तर हे केल्यानं काय बिघडतं, आणि समजा खोटी निघाली, तर न केल्यानं काय बिघडेल? व्हिडिओ ते अजून बघतात, मी बघू नका म्हणत नाही.

बेणं काकूच्या बहिणीनं कळमनुरीहून देऊ केलंय, पैसे काढणीनंतर. पोरीची बारावी २०२७ ला आहे, तात्यांनी वर्ष स्वतःहून सांगितलं. मागच्या आठवड्यात गेले तर तात्या प्लिंथवर वाढलेलं गवत उपटत होते. स्लॅब नको म्हणतात, पत्रेच टाकणार. लोखंडी अँगलवर, नट-बोल्टनं आवळून, म्हणजे वर दगड ठेवायला नको.